नवा पार्ट बसवला आणि जुना पीसी सुरूच होईना? तो कुठे थांबतो ते आधी बघा

रॅम वाढवली, एसएसडी टाकली किंवा ग्राफिक कार्ड बसवलं, बटण दाबलं, आणि कालपर्यंत बरा चालणारा पीसी एकदम मुका झाला. अशा वेळी पहिला संशय नव्या पार्टवर जातो आणि पहिला फोन दुकानाला. तो फोन थोडा लांबवा. दहा-बारा वर्षांच्या मशीनमध्ये नवा पार्ट मुळात खराब निघण्यापेक्षा तो नीट न बसणं, जुन्या मदरबोर्डाला (पुढे नुसता 'बोर्ड') तो न झेपणं किंवा तो बसवताना दुसरंच काहीतरी हलणं याची शक्यता जास्त असते. कारण सापडलं की बहुतेक वेळा घरच्या घरी, एका स्क्रू ड्रायव्हरवर काम भागतं.

'सुरू होत नाही' हे एकच वाक्य आपण चार वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वापरतो. बटण दाबल्यावर काहीच हालत नाही, हे पहिलं. पंखे क्षणभर फिरतात आणि बंद पडतात, किंवा मशीन पुन्हा पुन्हा आपोआप चालू-बंद होत राहतं, हे दुसरं. पंखे, दिवे सगळं सुरू आहे पण स्क्रीन काळीच, ज्याला दुकानात 'नो डिस्प्ले' म्हणतात, हे तिसरं. आणि कंपनीचा लोगो दिसतो, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) उघडतो, पण विंडोज येत नाही, हे चौथं. आपलं मशीन यातल्या कुठल्या पायरीवर अडकलंय हे आधी कागदावर लिहा. पहिल्या पायरीच्या रोगावर चौथीचं औषध, म्हणजे विंडोज पुन्हा टाकणं, हा फुकट गेलेला रविवार असतो.

आधी एक पाऊल मागे

नवा पार्ट काढा, जुना होता तिथे परत लावा आणि मशीन सुरू करून बघा. सुरू झालं तर अडचण नव्या पार्टची किंवा त्याच्या जुळण्याची आहे. तरीही सुरू झालं नाही, तर काम करताना हाताने काहीतरी सुटलंय: चोवीस पिनचा मोठा पॉवर कनेक्टर अर्धवट निघाला असेल, प्रोसेसरजवळचा चार पिनचा कनेक्टर राहिला असेल, शेजारची रॅम हलली असेल. रॅम, एसएसडी आणि कार्ड तिन्ही एकाच बैठकीत बदलली असतील तर तिन्ही काढा आणि एकेक करून घाला. एका वेळी एकच बदल. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण तो मोडला की नक्की काय चुकलं हे कधीच कळत नाही.

प्रत्येक वेळी हात घालण्याआधी मागची पॉवर केबल काढा आणि पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. नुसतं बंद करून भागत नाही, कारण केबल लावलेली असेल तर बंद मशीनच्या बोर्डावरही पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा सुरूच असतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच पार्ट उचला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याची हवा कोरडी होते, तेव्हा सिंथेटिक कपडे घालून गालिच्यावर बसून हे काम करू नका; त्या दिवसांत बोटातून ठिणगी सहज पडते. आणि एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या युनिटचा, डबा कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

बटण दाबलं, काहीच नाही

सगळ्यात आधी भिंतीचा सॉकेट, यूपीएस आणि एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बघा. यूपीएस बाजूला ठेवून थेट सॉकेटवर लावून बघा. जुन्या ६०० व्हीएच्या यूपीएसची बॅटरी दमलेली असते आणि वाढलेला भार तिला पेलत नाही. मग पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी बघा. 'पॉवर एसडब्ल्यू' असं लिहिलेली दोन पिनांची वायर चुकीच्या जागी गेली असेल तर बटण दाबून काही होणार नाही. या वायरीला उलट-सुलट असं काही नसतं, फक्त दिव्याच्या वायरींना असतं. शंका असेल तर वायर काढा आणि बोर्डावरच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला तर दोष कॅबिनेटच्या बटणात आहे. पुढच्या यूएसबी पोर्टमधली पिन वाकून शॉर्ट झाली असली तरी मशीन उठत नाही, म्हणून ती वायरसुद्धा काढून बघा.

एसएमपीएस वेगळा तपासायचा तर तो बोर्डापासून, ड्राइव्हपासून सगळीकडून सोडवा. चोवीस पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कुठलीही काळी वायर यूपिनसारख्या तारेने जोडा आणि मग सॉकेट सुरू करा. एसएमपीएसचा पंखा फिरायला हवा. तो फिरला म्हणून एसएमपीएस निर्दोष आहे असं मात्र समजू नका, तो निदान मेलेला नाही एवढंच कळलं. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. काही ब्रँडेड मशीनमध्ये चोवीस पिनचा कनेक्टरच नसतो. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०२० आणि ९०२० मध्ये बोर्डाला आठ पिनचा वेगळाच कनेक्टर आहे, तिथे बाजारातला साधा एसएमपीएस अडॅप्टरशिवाय लागत नाही आणि ही तारेची चाचणीही जशीच्या तशी लागू होत नाही.

सुरू होतं आणि लगेच बंद पडतं

इथे बहुधा वीज, उष्णता किंवा शॉर्ट यांपैकी एक असतं. प्रोसेसर किंवा कूलर बदलला असेल तर कूलरचे चार पाय बघा. इंटेलच्या मूळ कूलरचे प्लास्टिकचे पाय समोरासमोरच्या जोडीने, तिरपे दाबायचे असतात आणि प्रत्येकाचा 'टक्' आवाज यायला हवा. एक पाय वर राहिला की कूलर एका बाजूला कलतो आणि मशीन काही सेकंदांत स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. बोर्ड बाहेर काढलेला असेल तर मागून बघा, चारही काळी टोकं आरपार आलेली दिसली पाहिजेत. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. कूलरची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावा. दुसरीकडे लावली तर बरेच बोर्ड फॅन एरर दाखवून थांबतात.

बोर्ड कॅबिनेटमधून काढून परत बसवला असेल तर खालचे पितळी खांब मोजा. बोर्डाला भोक नाही तिथे एक जादा खांब राहिला तर तो मागच्या बाजूने शॉर्ट करतो. प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटरही निरखून बघा. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा तपकिरी डाग असेल तर नवा भार हे फक्त निमित्त आहे, बोर्ड आधीच थकला होता.

ग्राफिक कार्ड बसवल्यावर हा प्रकार सुरू झाला असेल तर एसएमपीएसकडे वळा. पीसीआय एक्स्प्रेसचा मोठा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. एनव्हिडियाच्या जीटी १०३० ला साधारण ३० वॅट लागतात, ती त्यावर निभावते. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटची, म्हणजे काठावर. त्याहून मोठ्या कार्डाला सहा पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५ किंवा आठ पिनमधून १५० वॅट लागतात, आणि तो कनेक्टर लावायचा राहिला तर मशीन एकतर उठत नाही किंवा काळ्या स्क्रीनवर बसतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. बाजूचं स्टिकर वाचा: १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत? आकड्याला १२ ने गुणा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॅट झाले, आणि त्यातूनच प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं पोट भरायचं आहे. अशा ठिकाणी मोलेक्सवरून (ड्राइव्हसाठीच्या जुन्या चार पिनच्या प्लगवरून) सहा पिन करणारा जोडकनेक्टर लावून वेळ मारून नेऊ नका, वायर तापून वितळते. आधी एसएमपीएस बदला, मग कार्ड.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त डोकं इथेच खपतं, आणि सगळ्यात जास्त वेळा कारण असतं रॅम. पण रॅमला हात लावण्याआधी मॉनिटरची वायर बघा. नवं कार्ड बसवल्यावर मॉनिटर कार्डाच्या पोर्टला लावायचा असतो. वायर जुन्या सवयीने बोर्डाच्या पोर्टलाच राहिली तर बऱ्याच बोर्डांवर तिथून काहीच दिसत नाही, कारण कार्ड लागलं की ते ऑनबोर्ड डिस्प्ले बंद करतात. मॉनिटर जुना, नुसत्या व्हीजीएवाला असेल तर आणखी एक खोच आहे: एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डाच्या डीव्हीआय पोर्टमधून ॲनालॉग सिग्नल येतच नाही. डीव्हीआयवरून व्हीजीए करणारा साधा अडॅप्टर तिथे चालत नाही. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या.

आता रॅम. सगळ्या स्टिक काढा. सोनेरी पट्टीवर पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा, कण झटकून टाका, स्लॉटमध्ये कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. पावसाळाभर न उघडलेल्या मशीनमध्ये एवढ्यानेच काम होऊन जातं, कारण दमट हवेने संपर्कावर थर चढलेला असतो. मग एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. दोनच स्लॉट असतील तर आधी एकात, मग दुसऱ्यात. बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा आणि कडेच्या पांढऱ्या कड्या आपोआप मिटू द्या. एका बाजूची कडी मिटली आणि दुसरी उघडी राहिली, की स्टिक दोन-तीन मिलिमीटर तिरपी असते. वरून नीट बसल्यासारखी दिसते, पण सोनेरी पट्टीची बारीक रेघ एका टोकाला वर डोकावत असते. टॉर्च मारून ती रेघ बघा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड नवी रॅम पारखतो, दोन-तीनदा आपोआप रीस्टार्टही होतो. किमान दोन मिनिटं थांबा, घाईत बटण दाबू नका.

जुनी रॅम एकटी असताना मशीन चालत असेल आणि नवी लावली की अडत असेल तर नव्या स्टिकवरचा लहान अक्षरातला मजकूर वाचा. डीडीआर३, म्हणजे या जुन्या मशीनमधल्या रॅमची पिढी, हिच्या बाबतीत तीन सापळे आहेत. पहिला, सर्व्हरमधून निघालेली स्वस्त रॅम. पीसी३-१२८०० यानंतर 'आर' असेल तर ती रजिस्टर्ड रॅम आहे आणि घरगुती बोर्डावर चालणार नाही; 'यू' हवा. दुसरा, 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकली जाणारी ८ जीबीची स्टिक. ती इंटेलच्या बोर्डावर डिस्प्ले देत नाही. तिसरा सापळा चिपच्या क्षमतेचा. जी४१ चिपसेटचे (बोर्डाच्या मुख्य चिपचं नाव, बोर्ड त्यावरूनच ओळखतात) बोर्ड ४ जीबीची स्टिक तेव्हाच ओळखतात जेव्हा तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप्स असतात. एकाच बाजूला ८ चिप्स असलेली नवी, घनदाट स्टिक त्यांना झेपत नाही. तसंच एच६१, बी७५, एच८१ या बोर्डांवर एका स्लॉटमध्ये ८ जीबीच्या वरची स्टिक घालू नका. यांपैकी कुठलाही पार्ट 'खराब' नाही, म्हणून दुकानदाराच्या मशीनवर तो ठणठणीत चालून दाखवतो आणि आपल्याकडे पुन्हा मुका होतो. लॅपटॉपचं वेगळं: इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ स्लॉटमध्ये नीट बसूनही ते सुरू होत नाहीत.

इथे बोर्डाला बोलतं करण्याची एक सोय आहे. बऱ्याच बोर्डांवर 'स्पीकर' लिहिलेल्या चार पिना असतात, पण बझर लावलेला नसतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तो चहाच्या पैशांत मिळतो, सोबत बायोसचा सीआर२०३२ सेलही घ्या. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार, लांब बीप पुन्हा पुन्हा म्हणजे रॅम. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये तीन आखूड म्हणजे रॅम, आठ म्हणजे डिस्प्ले. सगळी रॅम काढून मशीन सुरू केल्यावर बीप आला तर ती चांगली बातमी: प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत. काहीच आवाज नाही, तर संशय बोर्ड, प्रोसेसर किंवा चार पिनच्या कनेक्टरवर.

प्रोसेसर बदलला असेल तर सॉकेट जुळला म्हणजे काम झालं असं नाही. एच६१ बोर्ड आला तेव्हा इंटेलची दुसरी पिढी चालू होती. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर त्यावर चालवायला आधी बायोस अपडेट लागतो, आणि तो अपडेट जुना प्रोसेसर लावूनच करावा लागतो. एलजीए ११५१ सॉकेटमध्ये सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी दिसायला एकसारख्या बसतात, पण एकमेकांच्या बोर्डांवर चालत नाहीत. सॉकेटमधली एखादी पिन वाकली असेल तर तिरप्या उजेडात तिची सावली वेगळी पडते. बारीक चिमट्याने, श्वास रोखून सरळ करा.

एवढं करूनही काळोखच असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम, दोन पॉवर कनेक्टर आणि मॉनिटर, बाकी काहीही नको. इथे चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर दोष पत्र्याच्या शॉर्टचा.

बायोस रीसेट: आधी फोटो, मग सेल

जुन्या मशीनवर सेल काढून बायोस रीसेट करणं हा रामबाण मानला जातो, आणि तो बऱ्याचदा लागूही पडतो. केबल काढा, सेल काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. सेलवर ३ व्होल्टच्या आसपास दाब हवा, २.८ च्या खाली असेल तर नवा टाका. पण या उपायाची एक किंमत आहे. रीसेटने साटाची पद्धत (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती: एएचसीआय, आयडीई किंवा रेड) आणि बूटची पद्धत (मशीन डिस्कवरून कसं उठतं ती) मूळ फॅक्टरी सेटिंगवर जाते. विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं होतं आणि बायोस रीसेटनंतर आयडीई किंवा रेडवर गेला, की डिस्प्ले येतो पण विंडोजच्या जागी 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलेला निळा पडदा उभा राहतो. डेलच्या अनेक ऑप्टिप्लेक्समध्ये मूळ सेटिंग 'रेड ऑन' असतं. तिसऱ्या पायरीचा रोग गेला आणि चौथीचा आला. म्हणून बायोस उघडत असेल तेव्हाच साटा मोड, बूट मोड आणि बूट क्रम या तीन पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

लोगो येतो, विंडोज येत नाही

नव्या एसएसडीनंतरचा हा नेहमीचा मुक्काम. आधी बायोसमध्ये एसएसडी दिसते का बघा. दिसत नसेल तर साटाची डेटा वायर आणि पोर्ट बदला. जुन्या वायरींची टोकं सैल झालेली असतात. दिसत असेल तर बूट क्रमात ती सगळ्यात वर आणा.

विंडोज क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं उचललं असेल तर फक्त सी ड्राइव्ह उचललेली नाही ना ते तपासा. बूट होण्यासाठी लागणारं छोटं पार्टिशन, साधारण १०० एमबी किंवा थोडं मोठं, सोबत यायलाच हवं. आणि क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी हार्डडिस्क काढून ठेवा. दोन्ही लावून सुरू केलं तर मशीन जुन्या डिस्कवरून उठतं, किंवा दोन्हीची ओळख सारखी असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवतं.

एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या जुन्या-नव्या पद्धती. डिस्क एमबीआर पद्धतीची असेल तर बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (जुनी बूट पद्धत) सुरू हवं. जीपीटी असेल तर यूईएफआय (नवी पद्धत). हे दोन एकमेकांत अडकले की 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' ही ओळ येते आणि एसएसडी अगदी निर्दोष असते. साटा मोड बदलायचाच असेल तर आधी जुन्या सेटिंगवर विंडोज सुरू करा, विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा येऊ द्या आणि मग सेफ बूटची खूण काढा.

एच६१, बी७५ काळातल्या बोर्डावर एनव्हीएमई एसएसडी (साटाऐवजी पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी) अडॅप्टर कार्डावर लावली तर विंडोजमध्ये ती दिसेल, पण तिच्यावरून मशीन बूट होणार नाही. तिथे अडीच इंची साटा एसएसडीच घ्या. साटा २ च्या पोर्टवर तिचा वेग अर्ध्यावर येतो, तरी हार्डडिस्कच्या मानाने फरक जमीन-अस्मानाचा राहतो.

कोअर २ ड्युओवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती टाकण्याचा खटाटोप करू नका. तिला लागणाऱ्या एसएसई४.२ मधल्या सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत, त्यामुळे ती बूटच होत नाही. यावर कुठलीही युक्ती चालत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अशा मशीनवर लिनक्स मिंटसारखी हलकी लिनक्स हा प्रामाणिक मार्ग आहे. थोड्या नव्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) सुरू असेल तर बायोसमधला बदल तो ओळखतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. हात घालण्याआधी बिटलॉकर थांबवा आणि की लिहून ठेवा.

दुकानात न्यायचं ठरलं तर

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून, रविवारी किंवा बुधवारी, पार्ट घेतला असेल तर तो परत होईल हे गृहीत धरू नका. तिथे रॅम घेताना लेबलचा फोटो काढून बोर्डाच्या माहितीशी आधी ताडून बघा. दुकानाच्या पार्टसाठी नुसता पार्ट नको, बोर्डाचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि 'कुठल्या पायरीवर थांबतं' हे लिहिलेला कागद न्या. अख्खा कॅबिनेट स्कूटरच्या पायाशी ठेवून न्यायची वेळ आली तर ग्राफिक कार्ड काढून वेगळं, फोममध्ये गुंडाळून न्या. दोन-चार गतिरोधकांवर जड कार्ड स्लॉटमधून हलतं आणि दुकानात पोचेपर्यंत एकाचे दोन बिघाड झालेले असतात.

मशीन सुरू झालं की लगेच झाकण लावू नका. नवी रॅम असेल तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालू द्या. एकही एरर आली तर ती स्टिक परत करा. कार्ड असेल तर तासभर भार देऊन एसएमपीएसच्या मागे हात धरून बघा, चटका बसायला नको. जुना पार्ट खोक्यात घालून निदान पंधरा दिवस ठेवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि परत आली, की त्यानंतरही पीसी एका दाबात उठतो का हे एकदा बघा, आणि मगच झाकणाचे स्क्रू आवळा.